‘साहेबांचा मूड कसा आहे?’ : मॅनेजरची भावनिक बुद्धिमत्ता कर्मचाऱ्यांना कुठे दिसते आणि ती कशी मोजायची

प्रश्न थोडक्यात असा. चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. माणसं साधारण चारशे, त्यांत कायम, कंत्राटी आणि ट्रेनी असे सगळे. सुपरवायझर आणि मॅनेजर मिळून बावीस. त्या बावीस जणांना भावनिक बुद्धिमत्तेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि नंतर त्यांनी स्वतःला ७ पैकी ६ च्या आसपास गुण दिले. कामगारांना विचारलं की ‘साहेब चांगले आहेत’ एवढंच उत्तर येतं. तरीही माणसं सोडून जातात आणि राजीनाम्यात ‘घरची अडचण’ लिहितात. मॅनेजर आपल्या माणसांना खरोखर कसे वाटतात, हे कळायचं कसं?

सगळ्यात आधी ते सहा गुण बाजूला ठेवा. मॅनेजर खोटं बोलले असं नाही, पण माणूस स्वतःला देतो ते गुण आणि इतर त्याला देतात ते गुण यांचा मेळ फार थोडा बसतो. १९८८ साली हॅरिस आणि शॉब्रोक यांनी अशा बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले. स्वतःचं आणि वरिष्ठाचं मत यांतला सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.३५ निघाला, स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं मत यांतला ०.३६. वरिष्ठ आणि सहकारी यांच्यातला मात्र ०.६२ होता. म्हणजे बाहेरून बघणाऱ्या दोघांचं आपसात बरंच जुळतं, पण ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याशी दोघांचंही फारसं जुळत नाही. तुमच्याकडचं चित्र जगावेगळं नाही.

दुसरी गोष्ट, नक्की काय मोजायचं ते ठरवा. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली, तेव्हा तिच्याकडे एक क्षमता म्हणून पाहिलं होतं: भावना ओळखणं, त्या समजून घेणं, त्यांचा विचारासाठी उपयोग करणं आणि त्या आवरणं. क्षमता परीक्षेत मोजता येते. कामगाराला मात्र साहेबांची क्षमता दिसत नाही, वागणं दिसतं. समोरच्याचा चेहरा बघून त्याच्या मनातलं अचूक ओळखणारा मॅनेजर त्या ओळखीचा उपयोग त्याला गप्प बसवण्यासाठीही करू शकतो. परीक्षेत तो पहिला येईल आणि लाइनवरची माणसं त्याला टाळतील. तुमचा प्रश्न कर्मचाऱ्यांना काय वाटतं हा आहे, म्हणून परीक्षा नको. माणसांना वागणं विचारा, आणि तेही नेमक्या प्रसंगांतलं.

हे प्रसंग मोजकेच असतात. वाईट बातमी सांगायला गेलो तेव्हा काय झालं? चूक झाली तेव्हा कुठे आणि कोणासमोर बोलले? रजा मागितली तेव्हा? वरून झापलं गेल्यावर केबिनमधून बाहेर आले तेव्हा? घरात आजारपण होतं, त्यानंतरच्या आठवड्यात? एरवीचं गोड बोलणं, वाढदिवसाचा केक, व्हॉट्सॲप ग्रुपवरचं ‘वेल डन टीम’ याचं वजन माणसांच्या लेखी फार कमी असतं. चांगल्या दिवशी सगळेच चांगले वागतात.

पहिला प्रसंग जवळून बघू, कारण बाकी सगळं त्यातून उलगडतं. तिसरी पाळी संपायला चाळीस मिनिटं आहेत. सीएनसीवरच्या (संगणकाने चालणाऱ्या मशीनवरच्या) ऑपरेटरच्या लक्षात येतं की बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, खालच्या मर्यादेच्या बाहेर गेला आहे. टूल झिजलं असेल किंवा ऑफसेट (टूलच्या जागेचं मशीनला दिलेलं माप) चुकीचा पडला असेल. ट्रॉलीत १४० पीस पडलेत आणि त्यांतला पहिला खराब कोणता हे त्याला सांगता येत नाही. आता तो गेज पुन्हा लावून बघत नाही, घड्याळाकडे बघतो आणि बाजूच्याला विचारतो, ‘सकाळी कोण आहे रे?’ येणारा सुपरवायझर पहिलं वाक्य ‘कोणी केलं हे?’ असं टाकणारा असेल तर ट्रॉली तशीच पुढे ढकलली जाते. येणारा ‘कितव्या पीसपासून? मशीन थांबवलंस का?’ असं विचारणारा असेल तर लाल टॅग लागतो आणि १४० पीस वेगळे होतात. ऑपरेटर तोच, चूक तीच. फरक फक्त त्याच्या अंदाजाचा. हा अंदाज त्याने एका दिवसात बांधलेला नसतो, मागच्या आठ-दहा वेळा काय घडलं त्यावरून बांधलेला असतो. गेटवर फोन करून ‘साहेबांचा मूड कसा आहे?’ असं विचारणारी माणसंही हेच करत असतात. ज्याच्याकडे जाण्याआधी मूड विचारावा लागतो, त्याच्या भावनिक बुद्धिमत्तेबद्दल टीमचं मत त्या विचारण्यातच आलं.

एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या अभ्यासात नव्वदच्या दशकात हेच पाहिलं. जिथे प्रमुखाचं वागणं चांगलं, त्या वॉर्डांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या होत्या. त्याचा सरळ अर्थ लागतो तो असा, की तिथे परिचारिका चुका सांगत होत्या. तुमच्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. एखादा सुपरवायझर खरोखर सुधारला तर पहिले दोन-तीन महिने त्याच्या लाइनचं नोंदलेलं रिजेक्शन वाढेल. त्या वेळी प्लांट हेडने त्याला मीटिंगमध्ये उभं करून जाब विचारला, तर सगळी मेहनत त्या दिवशी संपली. हे प्लांट हेडला आधीच सांगून ठेवा, शक्यतो लेखी.

आता प्रश्नावली. जगात वापरल्या जाणाऱ्या तयार प्रश्नावल्या आहेत. वाँग आणि लॉ यांची २००२ ची १६ वाक्यांची प्रश्नावली त्यांतली बरीच प्रसिद्ध. तिचं शब्दशः मराठी करून वाटू नका. आपल्याकडे ‘भावनिक’ हा शब्द हळव्या माणसासाठी वापरला जातो. ‘साहेब फार इमोशनल आहेत’ हे कौतुक नसतं. ‘माझ्या वरिष्ठांना माझ्या भावना समजतात’ असं वाक्य शॉप फ्लोअरवर वाचून दाखवलं की माणसं एकमेकांकडे बघतात आणि मधल्या रकान्यात खूण करून मोकळी होतात. प्रश्नावलीत ‘भावना’ हा शब्द कुठेच येऊ देऊ नका. दिसेल, ऐकू येईल असं वागणं लिहा. ही बारा वाक्यं चालतील:

वाईट बातमी सांगितली तर आधी पूर्ण ऐकून घेतात.
चूक झाली तर बाजूला घेऊन बोलतात.
रजा मागितली की त्याच पाळीत हो, नाही किंवा ‘अमुक वेळेला सांगतो’ असं उत्तर देतात.
रजा नाकारली तर कारण सांगतात.
वरून बोलणी खाल्ली की तो राग आमच्यावर काढतात.
मी बोलत असताना मोबाइलमध्ये बघतात.
स्वतःचं चुकलं तर ‘माझं चुकलं’ असं म्हणतात.
त्यांच्याकडे जाण्याआधी मला त्यांचा मूड बघावा लागतो.
कायम आणि कंत्राटी माणसांशी सारख्याच पद्धतीने बोलतात.
मला कळेल अशा भाषेत बोलतात.
माझ्या घरची अडचण कळली तर नंतर आठवणीने चौकशी करतात.
मी विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांना सांगतात.

उत्तरं ‘सहमत-असहमत’ अशी नकोत. ‘गेल्या तीन महिन्यांत’ असा काळ देऊन ‘कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी’ असे पाच रकाने ठेवा आणि सहावा ‘असा प्रसंग आला नाही’. हा सहावा रकाना गाळू नका. ज्याने तीन महिन्यांत रजाच मागितली नाही तो नाहीतर मधल्या रकान्यात खूण करतो आणि तुमचा आकडा बिघडतो. पाचवं, सहावं, आठवं आणि बारावं वाक्य मुद्दाम उलटं आहे. त्यांचे गुण ६ मधून वजा करून घ्यायचे. उलटं वाक्य लिहिताना त्यात ‘नाही’ येऊ देऊ नका, कारण ‘राग काढत नाहीत – कधीच नाही’ अशा दुहेरी नकारात वाचणारा अडकतो. सगळ्या बारा वाक्यांना एकाच रकान्यात खूण केलेला कागद मोजणीत धरू नका, पण असे कागद किती आले ते जरूर मोजा. एका टीममधले पावपेक्षा जास्त कागद असे असतील तर तिथली माणसं घाबरलेली आहेत असं समजून चला. त्या टीमचा सरासरी आकडा कितीही चांगला असला तरी.

छापण्याआधी पाच-सहा जणांना प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायला लावा आणि ‘म्हणजे तुम्हाला काय समजलं?’ एवढंच विचारा. यात एक कंत्राटी कामगार, एक बाहेरच्या राज्यातला आणि एक महिला हवीच. हिंदी प्रत वेगळी करा, आणि तीही हिंदी मातृभाषा असलेल्याकडून वाचून घ्या.

दहावं वाक्य बऱ्याच मॅनेजरांना किरकोळ वाटतं. तसं ते नाही. लाइनवर चौघे मराठी आणि चौघे बिहार-ओडिशाचे असतील, सकाळच्या मीटिंगमध्ये सूचना हिंदीत आणि चेष्टामस्करी मराठीत होत असेल, तर त्या चौघांना आपण कामापुरते आहोत हे रोज सकाळी ऐकू येतं. तसंच हाक मारण्याचं. डिप्लोमा करून आलेला पंचविशीतला सुपरवायझर पन्नाशीच्या ऑपरेटरला ‘मामा’ म्हणून अहो-जाहो करतो, पण त्याच वयाच्या कंत्राटी माणसाला ‘ए, इकडे ये’ म्हणतो. त्याच्या स्वतःच्या हे लक्षातही येत नाही. बघणाऱ्या प्रत्येकाच्या येतं, मामांच्यासुद्धा.

कागद भरून घेताना सगळ्यात जास्त चुका होतात. कंपनीच्या ईमेलवरून किंवा नोंदवलेल्या मोबाइल नंबरवरून लिंक पाठवली तर ‘नाव कळणार नाही’ या आश्वासनावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवू नये असंच त्यांना अनुभवाने वाटत असतं. कागदच बरा. फक्त खुणा, हस्ताक्षर नको. कामाच्या वेळेत बारा ते पंधरा मिनिटं द्या, जेवणाच्या सुट्टीतली नकोत. पेटी कॅमेऱ्याखाली किंवा टाइम ऑफिसात ठेवू नका. त्या विभागाचा सुपरवायझर आणि कंत्राटदाराचा माणूस, दोघंही खोलीत नसावेत. वय, स्त्री की पुरुष, आणि नोकरीची वर्षं या तीन गोष्टी एकत्र विचारल्या की माणूस ओळखू येतो, तेव्हा फार तर एकच विचारा. पाचपेक्षा कमी कागद आले तर त्या मॅनेजरचा अहवाल वेगळा काढू नका, शेजारच्या टीममध्ये मिळवा.

वेळही पाळा. एप्रिलमध्ये वाढीची पत्रं हातात पडल्यावर किंवा दिवाळीच्या बोनसची बोलणी चालू असताना विचारलं, तर माणसं पगाराबद्दलचं मत मॅनेजरच्या नावावर टाकतात. या दोन्हींपासून निदान महिनाभर लांब राहा. जुलै-ऑगस्टचा पहिला पंधरवडा किंवा फेब्रुवारी बरा पडतो.

अहवाल वाचताना सरासरीवर थांबू नका. समजा, मॅनेजरांनी स्वतःला दिले तसे ७ पैकी एकूण गुण टीमकडूनही मागवले. आठ जणांच्या टीमचे गुण ५, ४, ५, ४, ५, ४, ५, ४ असे असतील तर सरासरी ४.५. दुसऱ्या टीमने ७, ६, ६, ६, ३, ३, ३, २ असे दिले तरी सरासरी ४.५ च. पहिला मॅनेजर मध्यम आहे. दुसऱ्याकडे टीमचे दोन तुकडे पडलेत, चौघे त्याचे ‘आपले’ आणि चौघे बाहेरचे. या दोघांना एकच उपाय लागू पडत नाही. म्हणून प्रत्येक वाक्याखाली पाचही रकान्यांत किती जण हे छापा.

आणखी एक गफलत मोठी आहे. माणसं मॅनेजरवर ज्या गोष्टीचा राग धरतात, त्या सगळ्या त्याच्या हातात नसतात. दहा माणसांच्या लाइनवर आठच हजर असतील तर रजा कोणीही दिली नसती. म्हणूनच ‘रजा देतात का’ असा प्रश्न वरच्या यादीत नाही, ‘नाकारली तर कारण सांगतात का’ असा आहे. उलटही होतं. एखादी चांगली गोष्ट सगळ्यावर पसरते: ओव्हरटाइम बिनबोभाट देणारा साहेब सगळ्याच वाक्यांत चांगला ठरतो. थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच या प्रभावळीवर बोट ठेवलं होतं. बाराही वाक्यांचे गुण एकसारखे आले तर प्रश्नावली वागणं मोजत नसून आवडनिवड मोजते आहे असं समजा आणि चार-पाच जणांशी सविस्तर बोला.

महिला मॅनेजरांचे आकडे वाचताना जास्त जपा. ब्रेस्कॉल आणि उलमन यांच्या २००८ च्या प्रयोगांत राग दाखवणाऱ्या पुरुषाचा दर्जा बघणाऱ्यांच्या नजरेत वाढला, तोच राग दाखवणाऱ्या स्त्रीचा घसरला. त्यामुळे ‘मॅडम कडक आहेत’ या शेऱ्यावरून निष्कर्ष काढू नका. कोणत्या प्रसंगात, काय बोलल्या, एवढंच धरा. वागणं नोंदवणारी वाक्यं इथे उपयोगी पडतात, कारण ‘बाजूला घेऊन बोलतात’ याला स्त्री-पुरुष असं काही नसतं.

मोकळे शेरे मागवलेत तर ते जसेच्या तसे मॅनेजरच्या हातात देऊ नका. बोलण्याच्या लकबीवरून माणूस सापडतो. आशय आपल्या शब्दांत लिहा. लैंगिक छळाकडे बोट दाखवणारा शेरा आला तर तो भावनिक बुद्धिमत्तेचा विषय उरत नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि लेखी तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. निनावी शेऱ्यावरून माणूस शोधत बसू नका. त्याच आठवड्यात समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर सगळ्या विभागांत मराठी आणि हिंदीत लावा, महिलांच्या चेंजिंग रूममध्येसुद्धा.

आता खरं काम. अहवाल देऊन सोडलं तर काही घडत नाही, कधी बिघडतंही. क्लुगर आणि डिनिसी यांनी १९९६ मध्ये सहाशेहून जास्त निष्कर्ष तपासले तेव्हा अभिप्रायामुळे सरासरी फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी काम आणखी खालावलं. याउलट वॉकर आणि स्मिदर यांनी १९९९ मध्ये पाच वर्षांचा अभ्यास मांडला. ज्या मॅनेजरांनी आपल्या माणसांसोबत बसून अहवालावर चर्चा केली, ते न बसणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारले. म्हणून ही बैठक टाळू नका. अहवाल मिळाल्यापासून तीन आठवड्यांत, वीस-पंचवीस मिनिटं. मॅनेजरने तीनच गोष्टी बोलायच्या: तुम्ही हे चांगलं म्हटलंत, हे खटकतं म्हटलंत, आणि मी पुढचे तीन महिने ही एक गोष्ट बदलणार आहे. ‘हे कोणी लिहिलं?’ किंवा ‘माझी बाजू अशी आहे’ यातलं एकही वाक्य आलं की पुढच्या वेळी सगळे कागद एकाच रकान्यात भरून येतील. त्यामुळे ही बैठक आधी एकदा मानवसंसाधन विभागातल्या कोणाबरोबर तरी बोलून घ्यायला लावा.

बदलायची गोष्ट एकच, आणि नेमकी. ‘जास्त समजून घेईन’ याला काही अर्थ नाही. ‘वाईट बातमी आली की पहिले तीन प्रश्न हे असतील: कोणाला लागलं का, आत्ता काय थांबवायचं, तुला काय मदत हवी. कोणी आणि का, ते चोवीस तासांत बसून बघू’ हे पाळता येतं आणि टीमला तपासता येतं. रजेचं उत्तर त्याच पाळीत देणं, हेही तसंच. चारचौघांत पाणउतारा केला असेल तर माफीही चारचौघांत मागायची. केबिनमध्ये बोलावून मागितलेली माफी ज्यांनी पाणउतारा पाहिला त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

दोन दिवसांच्या प्रशिक्षणाने एवढंच का साधलं, याचं उत्तरही इथेच आहे. तिथे वाक्यं शिकवली जातात. ‘मी तुझ्या भावना समजू शकतो’ असं म्हणून मॅनेजर पुन्हा स्क्रीनकडे वळतो, आणि समोरच्याला कळतं की साहेब कोर्स करून आलेत. वरवर चढवलेला भाव आणि आतून आणलेला भाव यांतला फरक आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये मांडला. हाताखालच्या माणसांना तो ओळखायला वेळ लागत नाही, कारण साहेबांचा चेहरा वाचणं ही त्यांची रोजची गरज आहे. वाक्यं विसरू द्या, वेळा पाळायला लावा.

हे गुण वाढीला किंवा बढतीला जोडू नका, निदान पहिली दोन वर्षं. जोडले की मॅनेजर पेटी उघडण्याच्या आठवड्यात वडापाव मागवतात आणि माणसं गुणांच्या बदल्यात पाळ्या मागतात.

‘घरची अडचण’ या उत्तराचं म्हणाल तर राजीनाम्याच्या वेळी खरं कोणी लिहीत नाही, कारण हिशोब आणि अनुभवाचं पत्र अजून तुमच्याकडे असतं. हिशोब पूर्ण झाल्यावर दोन-अडीच महिन्यांनी, त्या विभागाबाहेरच्या माणसाने फोन करावा आणि एकच विचारावं: ‘सोडायचं पहिल्यांदा कधी मनात आलं? त्या दिवशी काय झालं होतं?’ बहुतेक वेळा एक ठराविक दिवस आणि एक ठराविक प्रसंग ऐकायला मिळेल.

तीन महिन्यांनी बाराही वाक्यं परत विचारू नका. मॅनेजरने बदलायची ठरवलेली गोष्ट, मूड बघावा लागण्याचं वाक्य आणि ‘गेल्या तीन महिन्यांत काही फरक पडला का’ अशी तीनच ठेवा. पाच रकान्यांच्या मोजणीत आठ जणांची सरासरी ०.२५ ने वर गेली तर ती सुधारणा म्हणून जाहीर करू नका. एकाच माणसाने २ च्या जागी ४ वर खूण केली तरी एवढा फरक पडतो. सरासरीऐवजी डोकी मोजा: आधी आठांपैकी पाच जणांना मूड बघावा लागत होता, आता किती जणांना लागतो? पाचाचे दोन झाले तर बदल आहे. पाचाचे चार झाले तर आणखी तीन महिने तेच चालू ठेवा, दुसरी गोष्ट हातात घेऊ नका.